लेखकाच्या हातून वाचकाच्या हाती : मराठी लेखक-प्रकाशकांची परंपरा आणि ई-पुस्तक

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या श्रीगोंदा तालुक्यातील काष्टी हे भीमेच्या खोऱ्यातील आणि दौंड-मनमाड लोहमार्गावरील गाव शनिवारी भरणाऱ्या जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. अशा बाजारात विकणारा आणि घेणारा समोरासमोर येतात, दलाल मध्ये पडून आपला वाटा घेतो, आणि ज्या शेतकऱ्याची गिऱ्हाइकाशी आधीपासून ओळख असते त्याला दलालाची गरज कमी भासते. पुस्तकांच्या व्यवहारातही लेखक, वाचक आणि मध्यस्थ असे तीनच पक्ष असतात, आणि त्यांचे परस्परसंबंध कसे बदलत गेले हा मराठी ग्रंथव्यवहाराच्या इतिहासातील एक महत्त्वाचा, पण तुलनेने कमी अभ्यासलेला विषय आहे.

लेखकाने स्वतःच्या खर्चाने पुस्तक सिद्ध करून स्वतःच्या जबाबदारीवर विकण्याच्या रीतीस स्वप्रकाशन म्हणतात, आणि कागदाऐवजी संगणकाच्या, मोबाइलच्या किंवा वाचनयंत्राच्या पडद्यावर वाचण्यासाठी तयार केलेल्या पुस्तकास ई-पुस्तक म्हणतात. लेखकाने आपले ई-पुस्तक इंटरनेटवरून थेट वाचकाला विकावे, असा जो व्यवहार गेल्या दशकभरात मराठीत रुजला, त्याकडे अगदी नवी गोष्ट म्हणून पाहिले जाते. त्यातील साधने नवी आहेत हे खरेच. परंतु प्रकाशक व पुस्तकविक्रेता यांच्यावर विसंबून न राहता वाचकाकडे जाण्याची लेखकांची धडपड मराठीत दीडशे वर्षांहून जुनी आहे, आणि त्या धडपडीत यश कशामुळे आले व अपयश कोठे पदरी पडले हे पाहिल्यावाचून आजच्या ई-पुस्तकाचे बळ आणि त्याचा दुबळेपणा यांचा नीट अंदाज येत नाही. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातील दुकानांपर्यंत सहज जाऊ शकणाऱ्या वाचकाची सोय प्रत्येक काळात होतच आली. काष्टीसारख्या बाजारगावात राहणाऱ्या वाचकापर्यंत पुस्तक किती खर्चात आणि कोणाच्या मध्यस्थीने पोहोचू शकत होते, यावरून त्या त्या काळातील व्यवस्थेचे मोल ठरवणे अधिक योग्य होय.

नकलेपासून छापखान्यापर्यंत

काष्टीच्या अहिल्यानगर जिल्ह्याला ग्रंथरचनेची परंपरा फार जुनी आहे. नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, सिद्ध झालेली ज्ञानेश्वरी, श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद यांचा सतराव्या शतकातील ‘योगसंग्राम’ आणि राहुरी तालुक्यातील ताहराबादच्या महिपतींचे अठराव्या शतकातील ‘भक्तविजय’ व ‘भक्तलीलामृत’ हे ग्रंथ याच भूमीत लिहिले गेले. हस्तलिखितांच्या त्या काळात ग्रंथाची किंमत म्हणजे नकल करणाऱ्याची मेहनत आणि कागद-शाईचा खर्च. ग्रंथकर्त्याला विक्रीतून काही मिळावे अशी कल्पनाच नव्हती. ग्रंथ मठांतून, फडांतून आणि कीर्तन-पुराणांच्या श्रवणातून पसरत असे. वाचता न येणाऱ्यापर्यंतही तो पोहोचे, हे त्या पद्धतीचे मोठे सामर्थ्य होते. मात्र एकदा ग्रंथ हातावेगळा झाल्यावर त्याच्या पाठावर, प्रतींच्या संख्येवर आणि प्रसारावर कर्त्याचा कोणताही ताबा उरत नसे.

छापखान्याने हे चित्र बदलले. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावर उलटी अक्षरे उमटवून त्यावरून कागद छापण्याच्या पद्धतीने, मराठी पंचांग छापले. अहमदनगर येथून अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले. छापणे शक्य झाले, तरी छापण्याचा खर्च कोणी करायचा हा प्रश्न उरला. सरकारी शाळांसाठी लिहिलेली क्रमिक पुस्तके, मिशनच्या खर्चाने निघणारी धर्मपर पुस्तके आणि दक्षिणा प्राइझ कमिटीचे पारितोषिक मिळवणारे ग्रंथ यांनाच प्रारंभीच्या काळात खात्रीचा आधार होता. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या रकमेतील एक हिस्सा इंग्रजी अमलात मराठी ग्रंथांना उत्तेजन म्हणून देण्यासाठी ही कमिटी नेमलेली होती. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये आपले ‘तृतीय रत्न’ हे नाटक या कमिटीकडे पाठवले असता ते नाकारले गेले, आणि ते छापील स्वरूपात येण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

या नकारानंतर फुल्यांनी जो मार्ग धरला, त्याला मराठी स्वप्रकाशनाच्या इतिहासात आरंभस्थानी ठेवावे लागते. १८६९ मध्ये छत्रपती शिवाजीराजांचा पोवाडा आणि १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे त्यांनी स्वतःच प्रसिद्ध केले. प्रस्थापित परीक्षकांची मान्यता मिळणार नाही असा मजकूर वाचकांपुढे यावयाचा असेल, तर लेखकाने प्रकाशकाची जबाबदारीही पत्करली पाहिजे, हे त्यांनी कृतीने दाखवले. त्यांचा अपेक्षित वाचक शेतकरी होता, आणि त्या शेतकऱ्याचा लिखित कागदाशी येणारा संबंध मुख्यतः सावकाराच्या कर्जरोख्यातून येई. मे १८७५ मध्ये सुपे येथून सुरू झालेला दख्खनचा उठाव श्रीगोंदा तालुक्यातही पसरला आणि शेतकऱ्यांनी सावकारांकडील रोखे हिसकावून जाळले. ज्या समाजाला लिहिलेला कागद घराची जप्ती घेऊन येतो असाच अनुभव होता, त्याच्यासाठी त्याच्याच बाजूने लिहिलेले पुस्तक त्याच्यापर्यंत नेणे, हे काम दुकानात प्रती ठेवून होण्यासारखे नव्हते.

म्हणूनच १८८३ मध्ये पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाच्या बाबतीत फुल्यांनी छपाईच्या आधी वाचनाचा मार्ग अवलंबला. पुणे, मुंबई यांसारख्या शहरांबरोबरच जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणच्या मंडळींना त्यांनी हा मजकूर वाचून दाखवला, आणि बडोद्यास सयाजीराव गायकवाड यांनाही तो ऐकवला. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या ‘दीनबंधू’ पत्रात त्याची पहिली दोन प्रकरणे आल्यावर छपाई थांबली आणि फुल्यांच्या हयातीत ग्रंथ पूर्ण छापून आला नाही. तरीही तो ज्यांच्यासाठी लिहिला होता त्यांच्यापैकी अनेकांच्या कानांवर तो गेलेला होता. लेखक आणि वाचक यांच्यातील थेट संबंध छापील प्रतीपूर्वीही जोडता येतो, ही गोष्ट या उदाहरणातून स्पष्ट होते.

टपाल, रेल्वे आणि मनीऑर्डर

१८७७ ते १८८० या अवघ्या तीन-चार वर्षांत लेखक आणि दूरचा वाचक यांच्यातील अंतर एकदम कमी करणाऱ्या तीन व्यवस्था एकापाठोपाठ अस्तित्वात आल्या. भारतीय टपाल खात्याने १८७७ च्या अखेरीस व्हॅल्यू पेएबल, म्हणजे मराठी वाचकांच्या तोंडी रुळलेली ‘व्ही.पी.’, ही पद्धत सुरू केली. या पद्धतीत पुस्तकाचे पाकीट आधी रवाना होते, वाचक पोस्टात किंवा पोस्टमनकडे किंमत भरून ते सोडवून घेतो, आणि वसूल झालेली रक्कम टपाल खाते पाठवणाऱ्याकडे पोहोचवते. १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि काष्टीच्या शिवारातून गाडी जाऊ लागली. १८८० च्या आरंभी टपाल खात्याने मनीऑर्डरची सेवा हाती घेतली, त्यामुळे गावातल्या माणसाला लहान रक्कमही सुरक्षितपणे शहरात पाठवता येऊ लागली. रेल्वेने माल आला, व्ही.पी.ने वाचकाचा भरवसा राखला आणि मनीऑर्डरने लेखकाचा. दुकानदाराच्या मध्यस्थीवाचून पुस्तक विकता येईल अशी यंत्रणा पहिल्यांदाच खेड्याच्या उंबऱ्याशी आली.

या यंत्रणेचा सर्वाधिक उपयोग वर्गणीवर चालणाऱ्या प्रकाशनांना झाला. वर्गणीदार म्हणजे पुढील वर्षभराचे किंवा पुढील खंडांचे पैसे आगाऊ भरून लेखकाला छपाईचे भांडवल पुरवणारा वाचक. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये सुरू केलेली ‘निबंधमाला’ हे वर्गणीच्या पद्धतीचे, व्ही.पी.च्याही आधी सुरू झालेले, ठळक उदाहरण आहे. मासिक म्हणून निघणाऱ्या या प्रकाशनाचे जवळजवळ सर्व लेखन एकट्या चिपळूणकरांचे होते, आणि सरकारी शाळेतील शिक्षकाची नोकरी करीत असतानाच त्यांनी ते चालवले होते. एकच लेखक, त्याची ठरावीक काळाने येणारी रचना आणि त्या रचनेची वाट पाहणारे नोंदलेले वाचक, अशी जी मांडणी आज ई-पुस्तके विकणारे लेखक करू पाहतात, तिचा नमुना मराठीत ‘निबंधमाले’च्या रूपाने तेव्हाच घडलेला होता. पुढे श्रीधर व्यंकटेश केतकरांनी हीच कल्पना फार मोठ्या प्रमाणावर राबवली. ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’साठी नागपूर येथे मर्यादित कंपनी स्थापून त्यांनी सामान्य मराठी माणसांना भाग विकले, गावोगावी ग्राहक मिळवले आणि १९२० च्या दशकात ज्ञानकोशाचे खंड वाचकांच्या घरी पोहोचवले. कोणत्याही एका प्रकाशकाच्या भांडवलात न बसणारे हे कार्य वाचकांच्या आगाऊ विश्वासावर पार पडले.

तथापि थेट प्रकाशनाची दुसरी बाजूही याच काळात दिसून येते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापून प्रसिद्ध झाला. स्त्रियांवरील दोषारोपांना इतक्या रोखठोक भाषेत उत्तर देणाऱ्या या पुस्तकामागे ना प्रकाशनसंस्था होती, ना वर्गणीदारांची यादी, ना पुढची पुस्तके. त्यावर टीका झाली, फुल्यांनी त्याची बाजू घेतली, आणि नंतर ते जवळजवळ विस्मृतीत गेले. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रकाशित केले, तेव्हा मूळ आवृत्तीला नव्वदहून अधिक वर्षे लोटली होती. पुस्तक छापणे लेखिकेच्या आवाक्यात आले होते. ते वाचकांच्या पिढ्यांपर्यंत टिकवणे मात्र एकटीच्या आवाक्यातले नव्हते. ते पुन्हा हाती लागू शकले, कारण छापील प्रत कोठेतरी उरलेली होती.

सभा, जलसा आणि अनियतकालिक

विसाव्या शतकात व्यावसायिक प्रकाशनसंस्था स्थिरावल्या, तरी लेखक-प्रकाशकाची परंपरा खंडित झाली नाही. ज्या विचारांना प्रस्थापित व्यवस्थेत जागा नव्हती, त्यांनी ती अधिक जोमाने चालवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने १९३६ च्या वार्षिक अधिवेशनाच्या अध्यक्षपदासाठी बोलावले, भाषणातील मजकुरावरून मतभेद झाल्यावर अधिवेशनच रद्द केले, आणि तेव्हा बाबासाहेबांनी ते न दिलेले भाषण ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ या नावाने स्वखर्चाने छापले. पहिल्या आवृत्तीच्या १५०० प्रती सुमारे दोन महिन्यांत संपल्या आणि अनेक भारतीय भाषांत तिचे अनुवाद झाले. व्यासपीठ नाकारले गेल्यावर लेखकाने तोच मजकूर थेट वाचकांच्या हाती द्यावा, ही फुल्यांनी घालून दिलेली वाट येथे पुढे गेलेली दिसते.

आंबेडकरी चळवळीत या वाटेचा राजमार्ग झाला. शाहिरांच्या आणि जलसाकारांच्या गीतांच्या स्वस्त पुस्तिका कार्यक्रमाच्या जागीच विकल्या जात. दरवर्षी ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीच्या परिसरात आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांचे जे असंख्य ठेले लागतात, त्यांत स्वतः लिहिलेले पुस्तक स्वतः छापून आणणारे आणि स्वतःच विकणारे लेखक आजही मोठ्या संख्येने असतात. खेड्यापाड्यांतून आलेला वाचक तेथे लेखकाशी बोलून पुस्तक घेतो आणि गावी परतताना आपल्या शेजाऱ्यांसाठीही प्रती नेतो. लोकांच्या गर्दीत उभे राहून वाचक मिळवण्याची ही रीत जत्रा-बाजारांत पोवाडे, आरत्या आणि व्रतकथांच्या पुस्तिका विकण्याच्या जुन्या परंपरेशी नाते सांगते. वाचक जेथे स्वतःच्या कामासाठी वा श्रद्धेसाठी जमतो, तेथे पुस्तकाने जावे, हे तिचे तत्त्व होय.

साहित्याच्या क्षेत्रात १९५० च्या दशकाच्या मध्यात ‘शब्द’ या अनियतकालिकाने नव्या लेखकांना स्वतःच्या साधनांनी प्रकाशित होण्याची दिशा दाखवली. अनियतकालिक म्हणजे ठरावीक मुदतीचे बंधन न पाळता, पैसा आणि मजकूर जमेल तसे निघणारे प्रकाशन. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांचा सहभाग असलेले ‘शब्द’ सायक्लोस्टाइल केलेले असे. मेणकागदावर अक्षरे कोरून त्यातून शाई पाझरवत प्रती काढण्याच्या या पद्धतीला छापखान्याची गरज नव्हती. प्रती थोड्या निघत आणि ओळखीच्या वाचकांतच फिरत, तरी साठोत्तरी मराठी साहित्याची घडण याच प्रकाशनांतून झाली. त्यानंतर १९७० च्या दशकाच्या मध्यास सुरू झालेल्या ‘ग्रंथाली’ या वाचक चळवळीने थेट संबंधाचा प्रश्न वाचकांच्या बाजूने सोडवला. सभासद-वाचकांची आगाऊ नोंदणी आणि गावोगावच्या ग्रंथयात्रा यांच्या बळावर पुस्तके काढणाऱ्या या चळवळीने १९७८ मध्ये दया पवार यांचे ‘बलुतं’ प्रकाशित केले. अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या धामणगावात जन्मलेल्या लेखकाचे हे आत्मकथन मराठी साहित्याला वेगळे वळण देणारे ठरले, आणि त्यामागे वाचकांच्या संघटित आधाराची शक्ती होती.

तरीही ग्रामीण भागातील एकट्या लेखकाची अडचण या सर्व काळात कायम राहिली. पदरमोड करून पाचशे किंवा हजार प्रती छापायच्या, त्यांचे गठ्ठे घरात रचून ठेवायचे, काही प्रती भेटीदाखल वाटायच्या, काही दुकानदारांकडे उधारीवर ठेवायच्या आणि वसुलीसाठी हेलपाटे घालायचे, हा क्रम असंख्य कवी-कथाकारांनी अनुभवला. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमामुळे अनुदानित ग्रंथालयांचे जाळे गावोगावी पसरले आणि लेखक-प्रकाशकांना नवे गिऱ्हाईक मिळाले. पण तेथे पोहोचण्यासाठी शासनमान्य ग्रंथांच्या यादीत नाव असणे किंवा वितरकाशी संबंध असणे उपयोगी पडे, म्हणजे मध्यस्थाचे स्थान वेगळ्या रूपात टिकून राहिले.

अक्षरांचे एकीकरण

ई-पुस्तकाने या अडचणीतील कागद, छपाई, साठवण आणि वाहतूक हा भाग जवळजवळ नाहीसा केला. मात्र त्यासाठी देवनागरी अक्षरांचा एक मूलभूत प्रश्न आधी सुटावा लागला. १९९० च्या दशकात मराठी मजकूर संगणकावर जुळवला जाऊ लागला, तेव्हा प्रत्येक कंपनीचा टंक, म्हणजे फॉन्ट, अक्षरांना आपापले सांकेतिक क्रमांक देत असे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा तशाच अन्य प्रणालींत जुळवलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर तोच टंक नसेल तर निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसे. छपाईसाठी हे चालून जात होते, कारण अखेरीस कागदावर उमटलेले अक्षर सर्वांना सारखेच दिसते. वाचकाच्या यंत्रावर जाणाऱ्या पुस्तकासाठी मात्र हा अडथळा मोठा होता.

जगातील सर्व लिप्यांच्या अक्षरांना एकच सामाईक क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकात १९९१ पासून देवनागरीचा समावेश होता, परंतु संगणक आणि त्याहून उशिरा मोबाइल जोडाक्षरे नीट दाखवू लागेपर्यंत बराच काळ गेला. दरम्यानच्या काळात मराठी ई-पुस्तके मुख्यतः पीडीएफ स्वरूपात, म्हणजे छापील पानाची जशीच्या तशी प्रतिमा जपणाऱ्या स्वरूपात, फिरत राहिली. ई साहित्य प्रतिष्ठानने नव्या-जुन्या मराठी लेखकांची पुस्तके विनामूल्य पाठवण्याचा उपक्रम याच साधनाने चालवला, तर पुण्याच्या बुकगंगाने छापील पुस्तकांबरोबर ई-पुस्तकांची विक्री सुरू केली. पीडीएफमधील पान मोबाइलच्या लहान पडद्यावर वाचायला त्रासदायक असते. ईपब या स्वरूपात मात्र मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपोआप ओळी बदलतो आणि वाचकाला अक्षर मोठे करता येते. युनिकोडमधील मजकूर आणि ईपबसारखे लवचीक स्वरूप एकत्र आल्यावरच मराठी ई-पुस्तक खऱ्या अर्थाने मोबाइलवर वाचण्याजोगे झाले.

२०१६ आणि त्यानंतर

१८७७ ते १८८० या काळाशी तुलना करावी असे दुसरे वळण २०१६ मध्ये आले. त्या वर्षी एप्रिलमध्ये नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने यूपीआय, म्हणजे एका बँक खात्यातून दुसऱ्यात मोबाइलद्वारे तत्काळ पैसे पाठवण्याची व्यवस्था, जाहीर केली. सप्टेंबरमध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर मोबाइलवरील इंटरनेट झपाट्याने स्वस्त झाले. आणि वर्षाच्या अखेरीस ॲमेझॉनच्या किंडल दालनात मराठीसह पाच भारतीय भाषांची पुस्तके अधिकृतपणे दाखल झाली. एकोणिसाव्या शतकात रेल्वेने जे केले ते येथे मोबाइल जाळ्याने केले, आणि मनीऑर्डरचे काम यूपीआयने. काष्टीतील वाचकाला पुण्यातील लेखकाचे पुस्तक, किंवा पुण्यातील वाचकाला काष्टीतील लेखकाचे पुस्तक, त्याच क्षणी आणि वाहतुकीच्या खर्चावाचून मिळू शकेल अशी स्थिती यामुळे निर्माण झाली. व्ही.पी.ची व्यवस्था शहरातला ग्रंथ खेड्यात नेण्यास विशेष उपयोगी ठरली होती. ही नवी व्यवस्था खेड्यातला ग्रंथ शहरात नेण्यासही तितकीच उपयोगी आहे, आणि ग्रामीण लेखकाच्या दृष्टीने हा बदल फार मोलाचा आहे.

ई-पुस्तक विकण्याचे दोन मार्ग लेखकापुढे आहेत, आणि त्यांतील फरक स्पष्ट केला पाहिजे. पहिला मार्ग मोठ्या कंपनीच्या दालनाचा. ॲमेझॉनच्या स्वप्रकाशन सेवेत लेखक स्वतः पुस्तक चढवतो, किंमत ठरवतो आणि विक्रीच्या ३५ किंवा ७० टक्के मानधन घेतो. परंतु भारतातील विक्रीवर ७० टक्क्यांचा वाटा हवा असेल, तर पुस्तकाची डिजिटल आवृत्ती एका वेळी ९० दिवसांच्या मुदतीने केवळ त्याच दालनात ठेवण्याची अट पाळावी लागते. छापील ग्रंथव्यवहाराच्या मानाने हा वाटा पुष्कळ मोठा आहे, तरी येथे वाचक कंपनीचा असतो. पुस्तक कोणी घेतले हे लेखकाला कळत नाही आणि पुढच्या पुस्तकाची वार्ता त्याला स्वतः देता येत नाही. दुसरा मार्ग पूर्णपणे थेट विक्रीचा: लेखक व्हॉट्सॲप, फेसबुक वा ईमेलद्वारे पुस्तकाची माहिती देतो, वाचक यूपीआयने पैसे पाठवतो आणि लेखक पुस्तकाची फाइल त्याच्याकडे रवाना करतो. या मार्गात मध्यस्थाचा वाटा नगण्य असतो आणि वाचकांची यादी लेखकापाशी राहते. मात्र जाहिरात, हिशेब, वाचकांच्या शंका आणि फाइल परस्पर पुढे पाठवली जाण्याचा धोका हे सर्व त्यालाच सांभाळावे लागते.

हा धोका पहिल्यापासून ओळखला गेला होता. स्टीफन किंग या अमेरिकन कादंबरीकाराने २००० मध्ये ‘द प्लांट’ ही कादंबरी प्रकाशकाविना, हप्त्याहप्त्याने इंटरनेटवरून विकण्याचा प्रयोग केला. सुरुवातीस प्रत्येक हप्त्याला एक डॉलर असा दर होता आणि फाइल उतरवून घेणाऱ्यांपैकी किमान ७५ टक्के वाचक पैसे देतील तरच लेखन पुढे चालेल, असे त्याने सांगितले होते. सहा हप्त्यांनंतर त्याने ते थांबवले. जगप्रसिद्ध लेखकालाही केवळ साधन सोपे झाल्याने वाचकाचा नियमित आधार मिळत नाही, हा या प्रयोगाचा धडा आहे. ‘निबंधमाले’चे वर्गणीदार, ज्ञानकोशाचे ग्राहक आणि ‘ग्रंथाली’चे सभासद यांच्या उदाहरणांतून मराठी परंपरेने हाच धडा दुसऱ्या बाजूने शिकवला आहे : थेट विक्री तेथेच टिकते, जेथे वाचक एका पुस्तकापुरता गिऱ्हाईक नसून लेखकाच्या कार्याचा भागीदार झालेला असतो.

नोंद आणि जतन

ई-पुस्तकाच्या दुबळेपणाचा सर्वांत गंभीर भाग विक्रीनंतर सुरू होतो. १८६७ च्या छापखाने व पुस्तके नोंदणी अधिनियमानुसार छापलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारकडे द्याव्या लागत आणि त्यांच्या त्रैमासिक याद्या प्रसिद्ध होत. पुस्तकाचे नाव, कर्ता, मुद्रक, प्रतींची संख्या, किंमत अशी माहिती त्यांत असे. सरकारचा हेतू मुख्यतः देखरेखीचा होता, तरी सामान्य लेखक-प्रकाशकांच्या शेकडो पुस्तकांचे अस्तित्व त्या याद्यांमुळे इतिहासाला ज्ञात राहिले. शंकर गणेश दाते यांनी अपार कष्टाने तयार केलेली आणि १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘मराठी ग्रंथसूची’ १८०० ते १९३७ या काळातील मुद्रित मराठी ग्रंथांचा मागोवा घेऊ शकली, याचे कारण छापील पुस्तक आणि त्याची नोंद कोठे ना कोठे शिल्लक होती. १९५४ च्या पुस्तके ग्रंथालयांना देण्याबाबतच्या कायद्याने कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय व अन्य ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना प्रती पाठवणे प्रकाशकांवर बंधनकारक केले.

या कायद्यांची घडण मुद्रित पुस्तक समोर ठेवून झालेली आहे. १८६७ च्या अधिनियमाची जागा घेणाऱ्या २०२३ च्या कायद्याने तर केवळ नियतकालिकांची व्यवस्था ठेवून पुस्तकांना आपल्या कक्षेतून वगळले. करव्यवस्थेतही असाच कल दिसतो : छापील पुस्तकांवर वस्तू व सेवा कर नाही, २०१८ मध्ये ई-पुस्तकांवरील कर १८ वरून ५ टक्क्यांवर आणला गेला, परंतु ही सवलत छापील आवृत्ती असलेल्या पुस्तकाच्या ई-आवृत्तीला मिळाली, म्हणजे जो लेखक छपाईचा खर्च टाळण्यासाठीच ई-पुस्तकाकडे वळला, त्याच्या पुस्तकाला ही सवलत लागू नव्हती. शिवाय खरेदी केलेले ई-पुस्तक वाचकाच्या मालकीचे असते असेही नाही. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दालन बंद केले, तेव्हा ग्राहकांना पैसे परत मिळाले, पण त्यांनी घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली. असे एखादे दालन बंद पडले किंवा लेखकाच्या संगणकातील फाइल नष्ट झाली, तर नव्वद वर्षांनंतर एखाद्या मालशे यांच्या हाती लागावी अशी प्रतच शिल्लक राहणार नाही.

भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या कृतीवरील हक्क अबाधित राहतो, आणि स्वप्रकाशित लेखकाजवळ तो हक्क पूर्णपणे असतो. त्या हक्काबरोबर जतनाची जबाबदारीही त्याच्याकडे येते. आपल्या वाचकांची यादी कोणा कंपनीच्या हाती न सोपवता स्वतः राखणे, पुस्तक युनिकोडमध्ये आणि सर्वमान्य स्वरूपात सिद्ध करणे, त्याला आंतरराष्ट्रीय प्रमाणित ग्रंथक्रमांक घेणे आणि निदान मोजक्या छापील प्रती काढून त्या जिल्ह्यातील व राज्यातील ग्रंथालयांना देणे, एवढे काम प्रत्येक लेखकाला शक्य आहे. शासनाने १९५४ च्या कायद्याची व्याप्ती ई-पुस्तकांपर्यंत वाढवणे आणि सार्वजनिक ग्रंथालयांनी स्थानिक लेखकांच्या ई-पुस्तकांचा संग्रह करणे ही त्याची पूरक बाजू होय. फुल्यांपासून ‘ग्रंथाली’पर्यंतच्या इतिहासाने लेखक वाचकापर्यंत थेट जाऊ शकतो हे पुरेपूर सिद्ध केले आहे; काष्टीत आज लिहिले जाणारे पुस्तक शंभर वर्षांनंतरच्या काष्टीकराला वाचता येईल की नाही, हे या पुढच्या कामावर अवलंबून आहे.